आत्याच्या वृद्धाश्रमातली उलट्या-जुलाबांची साथ : पहिल्या रात्री काय करायला हवं होतं?

होटगीरोड
१४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी स्वयंपाकघराच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच विषयावर लिहितेय. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

माझी आत्या ८१ वर्षांची. मूलबाळ नाही. काका गेल्यावर एकटीला घर खायला उठायचं, म्हणून तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने ती सोलापुरातल्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली. आश्रमाचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत आणि मला कुणावर खापर फोडायचं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी तिथे अन्नदान होतं. कुणाच्या तरी वडिलांचं वर्षश्राद्ध. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. वाढायला त्या घरची सगळी मंडळी, पोरंसोरंसुद्धा. त्यातल्या एका मुलाला सकाळी घरी दोनदा उलटी झाली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. सोमवारी रात्री तिसऱ्या खोलीतल्या दोन आज्यांना उलट्या सुरू झाल्या. रात्रपाळीला एकच मावशी. तिने बिचारीने लगेच फडक्याने पुसून घेतलं, फडकं बादलीत पिळलं आणि त्याच बादलीने पुढचा सगळा व्हरांडा पुसला. स्वच्छताच करत होती ती.

बुधवारी पाच जण झाले. गुरुवारी दुपारी मी गेले तर आत्या पलंगावर बसलेली. ताप नाही, पोट दुखत नाही म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणते, "भोंगा झाला की गं, ह्यांचा डबा भरलास का?" काका गिरणीत होते. गिरणी बंद होऊन तीस वर्षं होतील. मला वाटलं, वय झालं, होतं असं. मी तिचे केस विंचरून दिले आणि घरी आले. रात्री अकराला आश्रमातून फोन आला, जुलाब थांबत नाहीत. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार कमी झालंय, दुपारीच आणायला हवं होतं. दोन दिवस सलाईन लावल्यावर ती मला नावाने हाक मारायला लागली.

३४ जणांपैकी ११ जण आजारी पडले. शेजारच्या खोलीतले एक आजोबा गेले. मी गेले की ते दर वेळी विचारायचे, "काय, पाणी आलं का तुमच्याकडे?"

मला एवढंच समजून घ्यायचंय की त्या सोमवारी रात्री नेमकं काय करायला हवं होतं. इथे डॉक्टर, सिस्टर आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतेय.

सातरस्ता
१४ जुलै, रात्री १०:१५

वाचून गलबलून आलं ताई. पण हे जेवणातूनच झालं असणार ना? मसालेभात उन्हात राहिला असेल, मठ्ठा बाहेरचा. अन्नदान बंदच करायला पाहिजे.

सूक्ष्मदर्शक
१४ जुलै, रात्री ११:०५

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर. विष्ठेचा नमुना तपासल्याशिवाय जंतूचं नाव सांगणं बरोबर नाही. पण तारखा बघितल्या की बरंच कळतं.

भात नासून किंवा वाढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतला जंतू अन्नात जाऊन विषबाधा झाली, तर पंगतीला बसलेले पुष्कळ जण एकदमच, काही तासांत ओकायला लागतात. रविवारी दुपारी जेवण, तर रविवारी संध्याकाळपर्यंत गोंधळ उडाला असता. इथे सोमवारी रात्री दोघी, बुधवारी पाच, आठवडाअखेर ११. अशा पायऱ्या दिसल्या की समजायचं, एकाकडून दुसऱ्याकडे जातंय. उलटी झालेलं मूल, मग दीड दिवसाने पहिल्या दोघी, मग त्यांच्यापासून पुढे. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूचं चित्र बरोबर असं असतं. तो पोटात गेल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी निम्म्याहून जास्त वृद्धांच्या निवासी संस्थांत होतात. एकत्र जेवण, एकत्र संडास, आणि एकाच मावशीचे हात दहा जणांना आधार देणारे. या विषाणूला फार संख्या लागत नाही, शंभराच्या आतले कणसुद्धा माणसाला पाडायला पुरतात. उलटीचे बारीक शिंतोडे आजूबाजूच्या कठड्यावर, पलंगावर, तांब्यावर बसतात ते डोळ्यांना दिसत नाहीत.

सातरस्ता, त्यामुळे अन्नदान बंद करून भागणार नाही. ज्याला उलटी-जुलाब झालेत त्याने पूर्ण बरं वाटल्यावर आणखी ४८ तास कुणालाही वाढायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही. दात्यांना हे आधी फोनवर विचारायला हवं. "घरी कुणाला पोटाचा त्रास आहे का?" हे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

निवृत्त_सिस्टर
१५ जुलै, सकाळी ७:२०

ताई, बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. तुम्ही केस विंचरून दिलेत, ते तुमच्या हातून चुकलं असं मनात धरून बसू नका. म्हाताऱ्या माणसाचा आजार असाच येतो. ताप चढत नाही, खोकला नसतो, पोट दुखत नाही. माणूस फक्त नेहमीसारखा राहत नाही. काल चालत होता तो आज उठत नाही, ताटात अर्धी भाकरी ठेवतो, मेलेल्या माणसाला हाक मारतो. अचानक झालेली ही गोंधळलेली अवस्था, हेच पहिलं लक्षण. वय नाही ते. वय एका दिवसात येत नसतं. आणि तापाचा आकडाही वेगळा धरायचा. १०० फॅरनहाइट झालं की म्हाताऱ्यांत ताप समजायचा. नेहमीच ९७ असणाऱ्या आजीला ९९ झालं, तरी लक्ष ठेवायचं.

आता सोमवारची रात्र.

उलटी दिसली की फडकं घेऊन धावायचं नाही. आधी आजीला बाजूला घ्या, धीर द्या. बाकीच्यांना त्या खोलीतून बाहेर काढा, खिडकी उघडा. तोंडाला मास्क, हातात मोजे. उलटीवर जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरा, त्याने ती शोषली जाते आणि शिंतोडे उडत नाहीत. कागद अलगद बाहेरून आत गोळा करून पिशवीत, पिशवीला गाठ. मग त्या जागेवर हायपोक्लोराइटचं, म्हणजे ब्लीचचं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. दुकानातल्या बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग ते आणि नऊ भाग पाणी. दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, पलंगाचे कठडे, कमोडची बैठक, काठीची मूठ यांना एवढं कडक नको, एका लिटर पाण्यात त्याच बाटलीतले चार छोटे चमचे, म्हणजे २० मिली पुरे. पाणी रोज ताजं करा, कालचं चालत नाही. आणि काही झालं तरी संडासाचं ॲसिड त्यात मिसळू नका. विषारी वायू निघतो. एक मावशी त्याने गुदमरून पडलेली मी स्वतः उचललीय.

ते फडकं टाकून द्यायचं. आजाऱ्यांच्या खोलीचं फडकं, बादली, झाडू वेगळा, आणि पुसायचं चांगल्या खोल्यांकडून आजारी खोलीकडे. उलटं नाही.

हात साबणाने धुवायचे. बाटलीतलं सॅनिटायझर या रोगाला नीट लागू पडत नाही. करोनापासून सगळ्यांचा त्या बाटलीवर भरवसा बसलाय, पण इथे साबण आणि वाहतं पाणी.

आणि जलसंजीवनी. पूर्ण पुडी एका पूर्ण लिटरमध्ये. अर्धी पुडी ग्लासात, असं नको. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. म्हाताऱ्यांना तहान लागत नाही, ते मागणार नाहीत. दर पाच-दहा मिनिटांनी दोन-दोन चमचे आपणच द्यायचं. हृदयाचं, किडनीचं दुखणं असेल, लघवीची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर त्याच रात्री डॉक्टरांना फोन. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, ते डॉक्टरच सांगतील.

होटगीरोड
१५ जुलै, सकाळी ८:०५

सिस्टर, आत्याला बीपीची आणि लघवीची, दोन्ही गोळ्या चालू होत्या. गुरुवारी सकाळीही दिल्या होत्या. हे कुणी विचारलंच नाही.

जुळे_सोलापूर
१५ जुलै, सकाळी ९:३०

सगळं पटलं. पण वाहतं पाणी आणायचं कुठून? चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणारं गाव आपलं. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्याकडे ड्रमच. ड्रममध्ये तांब्या बुडवायचा, हातावर ओतायचं, तांब्या परत ड्रममध्ये. ज्याचे हात घाण त्यानेच तांब्या धरलेला.

निवृत्त_सिस्टर
१५ जुलै, सकाळी १०:१०

बरोबर बोललात. म्हणून ड्रमला खाली तोटी बसवून घ्यायची. प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे. ड्रम स्टुलावर, तोटीखाली बादली, बाजूला साबणाची वडी जाळीत टांगून. हात धुऊन झाले की कोपराने तोटी बंद करता येईल अशी दांड्याची तोटी घ्या. प्यायच्या पाण्याला लांब दांड्याचा ओगराळा. आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम घासून कोरडा ठेवा, नाहीतर जुलाब थांबायचे आणि डेंगी सुरू व्हायचा.

पूर्वभाग
१५ जुलै, दुपारी १:४५

मी कधी लिहीत नाही, वाचतो फक्त. माझी आई वृद्धाश्रमात मावशी म्हणून काम करते. ताईंच्या आत्याच्या नाही, दुसऱ्या.

त्या रात्रीच्या मावशीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. आई आधी विड्या वळायची, बोटं दुखायला लागली म्हणून हे काम धरलं. दिवसा आश्रमात बारा तास. आठवड्यातून चार रात्री, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून, एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपाशी. दोन्हीकडे खाडा झाला की पैसे कापतात. मागच्या पावसाळ्यात तिला स्वतःला जुलाब लागले होते. मी म्हटलं, "अम्मा, नको जाऊस." ती म्हणाली, "मी नाही गेले तर त्या म्हातारीला बाजूला कोण वळवणार? आणि तुझ्या फीचं काय करूलालास मग?" ओढणीचं टोक पोटाशी घट्ट बांधलं आणि गेली. त्या दिवशी तिने बारा जणांना जेवण भरवलं.

तिला कळत नव्हतं असं नाही. तिला सगळं कळतं. कोणत्या आजीने किती पाणी प्यालं, कोण आज गप्प आहे, कुणाच्या पाठीवर लाल झालंय, हे डॉक्टरच्या आधी तिला कळतं. पण तिला कुणी विचारत नाही. ती सांगायला गेली की, "तू तुझं काम कर."

सूक्ष्मदर्शक
१५ जुलै, दुपारी ३:२०

पूर्वभाग, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलीत. त्या गोष्टीला जगभरातला पुरावा आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड नावाचं गाव आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तिथल्या एका वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात करोना सापडला. १८ मार्चपर्यंत त्या एका ठिकाणाशी जोडलेले १६७ रुग्ण मोजले गेले : १०१ तिथे राहणारे, ५० कर्मचारी, १६ भेटायला आलेले. तिथे राहणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे तिसरा हिस्सा दगावला. तपास करणाऱ्यांनी कारणं नोंदवली त्यात ठळक होतं, की अंगात लक्षणं असताना कर्मचारी कामावर येत राहिले आणि त्यातले काही एकाहून अधिक केंद्रांत काम करत होते. म्हणजे तुमच्या आईचीच गोष्ट. पैशाला नाइलाज, दोन ठिकाणी काम, आजारपणात रजा नाही. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका केंद्रात सगळ्यांची तपासणी केली, तर बाधित निघालेल्या वृद्धांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या दिवशी काहीही लक्षण नव्हतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० मध्येच आदेश काढला, की अशा कर्मचाऱ्याने एकाच संस्थेत काम करायचं. पण नुसता आदेश काढला असता तर बायका उपाशी राहिल्या असत्या. म्हणून सरकारने सगळीकडचा पगार वरच्या पातळीवर आणून सारखा केला आणि पुरेसे तास दिले. हे दुसरं पाऊल लोक विसरतात.

माझं मत विचाराल तर आश्रमाच्या वर्षाच्या खर्चात पहिली ओळ ही हवी : मावशीला उलटी, जुलाब, ताप, खोकला झाला तर भरपगारी रजा. जंतुनाशकाची बाटली त्याच्या खाली. रविवारचं एक अन्नदान घेण्याऐवजी दात्याकडून ते पैसे या रजेच्या खात्यात घ्या. वडिलांच्या नावाने यापेक्षा मोठं पुण्य कोणतं?

परगावी
१५ जुलै, रात्री ८:५०

पुण्यातून लिहितोय. वडील सोलापुरात आश्रमात होते. माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, तोही नोंदवतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आश्रमाने फाटक बंद केलं. बरोबर केलं असं तेव्हा मीही म्हणालो. पहिला महिना फोन, दुसरा महिना फोन. तिसऱ्या महिन्यात बाबा फोनवर बोलेनासे झाले. नुसता श्वास ऐकू यायचा. करोना त्यांना कधीच झाला नाही. पण त्यांनी जेवण सोडलं. परवानगी काढून मी आलो तेव्हा फाटकाच्या गजांतून त्यांना पाहिलं, शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. सप्टेंबरमध्ये गेले.

त्यामुळे "साथ आली, भेटी बंद" असं कुणी सहज म्हटलं की मला सहन होत नाही. साथीत माणूस जंतूने मरतो तसा एकटेपणानेही मरतो.

बार्शीकर
१५ जुलै, रात्री १०:३०

परगावी दादा, तुमचं दुःख समजतं. फाटक बंद करणाऱ्यांपैकी मीही एक. बार्शीकडे आमचा २२ जणांचा छोटा आश्रम आहे, मी तिथलं सगळं बघते. त्या वेळी आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. नंतर शिकलो ते सांगते.

आता साथीची शंका आली तरी भेट पूर्ण बंद करत नाही. प्रत्येकाला एकच ठरलेलं माणूस. ते स्वतः ठणठणीत असेल तरच, मास्क लावून, साबणाने हात धुऊन, खोलीत न जाता अंगणात चिंचेखाली. मुलं आणि मोठा घोळका थांबवतो. आणि जो आजी-आजोबा शेवटचे दिवस मोजतोय, त्याच्याजवळ घरचं माणूस कधीच अडवत नाही. मोजे, मास्क देतो आणि बसू देतो.

आजाऱ्यांना वेगळं ठेवायला आमच्याकडे वेगळ्या खोल्या नाहीत. म्हणून आजारी सगळे एका खोलीत, त्यांना बघणारी मावशी ठरलेली, तीच दोन्ही वेळ. तिने दुसऱ्या खोलीत जायचं नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. आजाऱ्यांचं ताट-वाटी वेगळं. जेवण सभागृहात नाही, ज्याच्या त्याच्या पलंगापाशी. नवीन माणूस साथ संपेपर्यंत दाखल करून घेत नाही. यात आमचं नुकसान होतं, तरी.

एक वही आहे. कोण, कोणती खोली, कधी सुरू झालं, काय होतंय, काय दिलं. दोन दिवसांत एकसारख्या तक्रारीचे दोन जण झाले की वहीत लाल रेघ, आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात कळवायचं. पूर्वी मी कळवायला घाबरायचे. नाव पेपरात येईल, देणग्या थांबतील. एकदा जुलाबांच्या वेळी कळवलं तर ते लोक आले, पाण्याच्या टाकीचा आणि विष्ठेचा नमुना घेऊन गेले, क्लोरीनच्या गोळ्या देऊन गेले. कुणी ओरडलं नाही. शहरात महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र असतं, तिथे सांगा. साथरोगांवर लक्ष ठेवण्याचा सरकारी कार्यक्रम २००४ पासून आहे, पण आपण सांगितलंच नाही तर त्यांना स्वप्न थोडंच पडणार आहे?

सातरस्ता
१६ जुलै, सकाळी ९:१५

अवांतर होईल कदाचित, पण खाजेबद्दल विचारू का? सासरे ज्या आश्रमात आहेत तिथे महिनाभर सगळे अंग खाजवतायत. मलम लावलं की आठ दिवस बरं, परत सुरू. उष्णता म्हणतात.

निवृत्त_सिस्टर
१६ जुलै, सकाळी ११:००

अवांतर कसलं, हीसुद्धा साथच. एका छताखाली अनेकांना खाज आणि रात्री जास्त, म्हणजे खरूज नाही ना ते आधी बघायचं. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, काखेत बारीक पुरळ आहे का बघा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सारखी परत का येते, तर खरजेचा किडा पहिल्यांदा अंगात शिरल्यावर चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाही. पण तेवढ्या काळात तो माणूस दुसऱ्याला देतो. आज खाजवणाऱ्या पाच जणांना मलम लावलं आणि न खाजवणारे दहा सोडले, की पुढच्या महिन्यात तेच दहा परत देतात. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी. राहणारे, मावशी, स्वयंपाकीण, मावशीच्या घरची मुलंसुद्धा. डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते रात्री गळ्यापासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खाली, बेंबीत. वृद्धांना डोक्याला आणि डोळे-तोंड सोडून चेहऱ्यालाही. ८ ते १४ तासांनी आंघोळ. सात दिवसांनी पुन्हा. औषध लागल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहते, त्याने घाबरून रोज मलम थापू नका.

एखाद्या आजोबांच्या अंगावर जाड खपल्या असतील आणि खाज फारशी नसेल, तर त्यांना आधी दाखवा. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, खपल्यांच्या प्रकारात हजारो, लाखोसुद्धा. अख्ख्या आश्रमाची साथ त्या एका पलंगावरून चाललेली असते आणि त्यांना कुणी विचारत नाही, कारण ते खाजवत नाहीत.

पूर्वभाग
१६ जुलै, दुपारी १२:३०

सिस्टर, चादरींचं कसं करायचं? वडील मागावर होते, म्हणून विचारतो. आपली सोलापुरी चादर जाड. भिजली की दोघांनी पिळावी लागते. पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, आणि माणशी दोनच असतात. आईने एकदा २० चादरी एका दिवसात धुतल्या, कंबर धरली.

निवृत्त_सिस्टर
१६ जुलै, दुपारी १:१०

आईला सांगा, सगळ्या धुवायची गरज नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. अंगाला लागलेले कपडे आणि पातळ बेडशीट कडकडीत गरम पाण्यातून काढा. जाड चादरी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवा, मी तर आठवडाभर ठेवायला सांगते. मग बाहेर काढून उन्हात झटका. तेवढ्या दिवसांसाठी कुणाकडून चांगल्या चादरी मागून आणा. सोलापुरात चादर मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही. आणि एकाची चादर दुसऱ्याला नाही, कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याने खोलीचा आकडा घालून ठेवा.

जुलाबाच्या चादरीचं मात्र वेगळं. ती झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळून अंगापासून लांब धरून न्यायची आणि धुवायचीच.

सूक्ष्मदर्शक
१६ जुलै, दुपारी ४:४०

पाऊस सुरू आहे म्हणून फ्लूचं थोडक्यात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास. लस दर वर्षी घ्यावी लागते, राहणाऱ्यांनी आणि मावशींनीही. पावसाळ्याआधी घेतलेली उत्तम. न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूवरची लस डॉक्टरांना विचारून वेगळी. एका आश्रमात ७२ तासांत दोघांना ताप-खोकला आणि त्यातल्या एकाचा फ्लू तपासणीत पक्का झाला, तर बाहेरच्या देशांत साथ जाहीर करून न आजारी पडलेल्यांनाही प्रतिबंधासाठी ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध देतात. मात्रा मूत्रपिंड बघून डॉक्टर ठरवतात. दुकानातून आणून वाटू नका.

हाँगकाँगने २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर प्रत्येक वृद्धनिवासात संसर्ग रोखण्याची जबाबदारी एका नेमून दिलेल्या माणसावर टाकली. तरी २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या वृद्धनिवासांत फार माणसं गेली, कारण बहुतेक वृद्धांचं लसीकरण राहिलं होतं. नेमलेला माणूस आणि लस, दोन्ही लागतं.

होटगीरोड
२० जुलै, रात्री ९:१०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. काल या धाग्यातलं वहीत उतरवून घेतलं आणि आश्रमात गेले. मनात धाकधूक होती, काय म्हणतील. व्यवस्थापकांनी चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, त्या आजोबांपासून मलाही झोप नाही.

दोन ड्रमना तोट्या बसवायचं नक्की झालं, त्याचे पैसे आम्ही भावंडं देतोय. अन्नदानाला येणाऱ्यांना आधी फोन करून विचारणार, आणि वाढायचं आश्रमातल्याच लोकांनी, पाहुण्यांनी हात जोडून बसायचं. भरपगारी रजेवर ते गप्प झाले. सहा मावशींचा हिशेब मांडला. शेवटी उलटी-जुलाब-तापाला तीन दिवस तरी, असं ठरलंय, आणि समितीपुढे ठेवणार आहेत. समितीच्या बैठकीला मी जाणार आहे. ज्यांच्या घरी वर्षश्राद्ध होतं त्यांनाही भेटले. आश्रमात पुढे काय झालं, हे त्या मुलाच्या आईला माहीतच नव्हतं. ती खूप रडली. पुढच्या वर्षीचे पैसे रजेच्या खात्यात देते म्हणाली. मुलाला काही सांगू नका, एवढंच मागितलं. मी शब्द दिलाय, इथेही कुणी खोदून विचारू नका.

पूर्वभाग, त्या रात्रीच्या मावशीला मी शोधलं. तिला वाटत होतं की आजोबा तिच्या बादलीमुळे गेले. कुणी तिला तसं बोललं नव्हतं, तरी महिनाभर ती हेच घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, मग तुमचं कसं? सिस्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून विचारलं, "चांगल्या खोलीकडून आजारी खोलीकडे, ना?" आणि स्वतःशीच दोनदा म्हटलं.

बार्शीकरताई, तुमच्यासारखी वही सुरू झालीय. आज पहिलं पान मावशीने भरलं. तिला लिहायची सवय नाही, अक्षर मोठं आहे, म्हणून एका पानावर चारच ओळी बसल्यात. फोटो काढून आणलाय, पण नावं आहेत म्हणून टाकत नाही. आत्याची ओळ तेवढी लिहिते : "खोली चार. भाकरी एक, भात नाही. पाणी सहा भांडी. मला नावाने हाक मारली."

पूर्वभाग
२० जुलै, रात्री ९:४५

ताई, हे आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, वही कुठल्या दुकानात घेतली?